डाव्या कुशीवर

“डिलिव्हरी नॉर्मल होती की सिझर?”

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने पंख्याकडे.

“जन्मल्याबरोबर रडली होती का? वजन किती भरलं होतं? काचेत ठेवावं लागलं होतं का?” डॉक्टर मान खाली घालून केसपेपरवर लिहीत होते. दिवसाला पन्नास पोरांच्या आयांना हेच प्रश्न विचारत असतील ते, त्यांचं काही चुकलं नाही, आणि कुठल्याही आईला मध्यरात्री उठवून विचारलं तरी ती धडाधड उत्तरं देते. माझी आई अजून, म्हणजे मी चव्वेचाळिशीची झाले तरी, समोर कुणीही बसलं की सांगते, हिला दीड वर्षाची असताना गोवर आला होता, आम्ही तेव्हा मिरजेला होतो, आणि हिच्या बाबांनी रात्री अकराला टांगा आणला होता. टांगेवाल्याने पैसे घेतले नाहीत हेसुद्धा सांगते.

“आम्ही तिचे... म्हणजे ती आमच्याकडे फॉस्टर केअरमध्ये आहे. आठ दिवस झाले.”

डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. “दत्तक घेतलीय?”

“नाही.”

“नात्यातली?”

“नाही.”

“मग हिस्ट्री कोण सांगणार?”

ह्या प्रश्नाचं उत्तर मिळायला आम्हाला पुढे दहा महिने लागले. लागायला नको होते. म्हणून हे लिहितेय.

मुलीचं नाव सांगणार नाही, गावही नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, अशा मुलांची ओळख कुठे उघड करायची नाही, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. इथे तिला बकुळ म्हणते. तिच्या काही गोष्टी अशा आहेत ज्या मला माहीत आहेत पण त्या तिच्या आहेत, त्या मोठी झाल्यावर तिला सांगाव्याशा वाटल्या तर ती सांगेल. आजारपणाचं लिहू का, असं मात्र तिला विचारलं. ती म्हणाली, कानाचं लिही, दुसरं नको. तर कानाचं लिहिते.

फॉस्टर केअर म्हणजे काय हे आमच्या सोसायटीत मी किमान चाळीस वेळा समजावलंय. ज्या मुलाचे आईवडील आहेत पण सध्या सांभाळू शकत नाहीत, किंवा ज्याला दत्तक देता येत नाही, असं मूल संस्थेत ठेवण्यापेक्षा एखाद्या घरात ठरावीक काळ ठेवायचं. २०१५च्या बाल न्याय कायद्यात कलम ४४ खाली ह्याची सोय आहे, बाल कल्याण समिती मुलाला तुमच्या घरी पाठवते आणि लक्ष ठेवते. मिशन वात्सल्यमधून महिना ४००० रुपये आहेत. मूल तुमचं होत नाही. हे शेवटचं वाक्य कुणाच्या डोक्यातच शिरत नाही. “दोन वर्षांनी दत्तक घेता येईल की आता,” असं परवासुद्धा एक जण म्हणाले, पेपरात वाचलं होतं त्यांनी, आणि २०२४च्या नवीन नियमांत ती मुदत पाच वर्षांवरून दोनवर आणलीय हे खरंच आहे. पण बकुळला आई आहे. ती आई बरी झाली, स्थिरावली की बकुळ तिच्याकडे जाणार. आम्ही मधलं स्टेशन.

तर ती आली तेव्हा सोबत एक बॅग, दोन ड्रेस, साबणाची डबी आणि एक फाईल. फाईल मी त्या रात्री दोनदा वाचली. त्यात तीन वेगवेगळ्या तारखांचे मेडिकलचे कागद होते. वजन, उंची, ताप नाही, संसर्गजन्य आजार नाही, फिट. तिन्हींवर शिक्के, तिन्हींवर सह्या. लसीकरणाचं कार्ड नाही. जन्मतारीख १ जून, जी अर्ध्या महाराष्ट्राची असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकलेली असते. कौटुंबिक माहितीत वडील: बेपत्ता. आई: आजारी. काय आजारी? पाय मोडला होता की कॅन्सर होता की डोकं फिरलं होतं? एका शब्दात उरकलंय. आणि स्वभाव ह्या रकान्यात कुणीतरी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, मितभाषी, सूचना पाळत नाही.

त्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटतं पण. कागद नाही म्हटल्यावर त्यांनी पोरगीच वाचायला घेतली. डाव्या दंडावर बीसीजीचा वण सापडला, “म्हणजे हिच्यापर्यंत एकदा तरी कुणीतरी पोचलं होतं.” तोंड उघडायला लावून दात मोजले, सहा वर्षांनंतर येणाऱ्या दाढा चारही आलेल्या, त्यातल्या दोन किडलेल्या. पोटरीवर भाजल्याचा जुना डाग. पापणी खाली ओढून बघितली, रक्त कमी. “फाईलवर सात लिहिलंय ना, मला आठ वाटते.” बाकी लसींचा कागद नाही तर दिल्याच नाहीत असं धरून चालायचं, सात वर्षांच्या पुढे लहान मुलांची त्रिगुणी देत नाहीत म्हणून वेगळी, असं करत त्यांनी एक नवीन तक्ता बनवून दिला. जंताची गोळी, लोहाचं औषध. कानात बघितलं नाही. मीही काही बोलले नाही, कारण मला तरी कुठे माहीत होतं.

एक गोष्ट राहिली. दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री मी तिला म्हटलं होतं, उद्या आपल्याला डॉक्टरांकडे जायचंय. सकाळी बघते तर ही दारात उभी, वेणी स्वतःच घातलेली, हातात बॅग. आत दोन्ही ड्रेस, साबणाची डबी आणि मी घेतलेला नवा फ्रॉक मात्र नाही, तो कॉटवर घडी करून ठेवलेला. मी म्हटलं अगं बॅग कशाला. ती काहीच बोलली नाही. बॅग घेऊनच रिक्षात बसली, दवाखान्यात मांडीवर घेऊन बसली, घरी आल्यावर कॉटखाली सरकवली. मला वाटलं असेल लहान मुलांचं काहीतरी. पुढे केसवर्कर ताईंशी बोलताना उलगडलं. समितीपुढे आणलं तेव्हा मेडिकल, एका संस्थेतून दुसरीत हलवलं तेव्हा मेडिकल, आमच्याकडे पाठवायच्या आधी मेडिकल. तिच्या अनुभवात डॉक्टर म्हणजे जागा बदलणे. आता ज्या मुलीला असं वाटतं ती कशाला सांगेल की माझं काही दुखतंय? दुखतंय का विचारलं की नाही. दाढ किडलीय, गाल सुजलाय, दुखतंय का? नाही. पुढे कितीतरी महिने आम्ही तिला दवाखान्यात नेताना आधी दुपारच्या जेवणाचा बेत सांगायचो, म्हणजे डॉक्टरांकडे जायचं आणि परत येऊन थालीपीठ खायचंय. परत येऊन हा शब्द दोनदा म्हणायचा. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आमचं आम्हीच जमवलं.

कान कुणी शोधला तर माझ्या सासूबाईंनी. आम्ही सगळे शिकलेले, मी बँकेत, नवरा इंजिनीअर, शाळेत बीएड झालेल्या बाई, आणि आम्ही सगळे मिळून ठरवलं होतं की पोरगी जरा हट्टी आहे. हाक मारली तर ओ देत नाही. शाळेतून चिठ्ठी, लक्ष नसतं. मी तर दोन पुस्तकं आणून वाचली, अशा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो वगैरे, आणि तिच्या गप्प बसण्याचे मोठमोठे अर्थ लावले. सासूबाई उशांचे अभ्रे धुवायला काढत होत्या, एक अभ्रा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “अगं पोरीचा कान फुटलाय. डावीकडेच डाग आहेत बघ.”

एवढंच. पुस्तकं कपाटात गेली.

त्यानंतर त्यांनी लगेच लसूण घालून तेल कोमट केलं हेही सांगायला हवं, कारण त्याच्यावरून आमच्या घरात मोठं महाभारत झालं. ईएनटीवाल्या डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं, पडद्याला भोक होतं, आणि तेल हा शब्द ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. पडदा फाटलेला असताना कानात काही घालायचं नाही, तेल नाही, पाणी नाही, आंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो घालायचा, कान कोरडा म्हणजे कोरडा. मग ऑडिओमेट्री झाली. मोठे हेडफोन लावून बकुळ काचेच्या खोलीत, आवाज आला की बटण दाबायचं. उजवा जवळजवळ ठीक. डाव्याला ४५ डेसिबलपर्यंत काही नाही. आपण समोरासमोर बोलतो ते साधारण ६० असतं म्हणे, म्हणजे समोरून नीट बोललं तर हिला बरंच कळणार, पण डाव्या बाजूने, मागून, लांबून, गोंगाटात बोललेलं निसटणार. आणि शाळेत बाईंनी हिला उजव्या भिंतीच्या कडेला बसवलेलं, म्हणजे बाईंकडे कुठला कान? डावा. मी बाईंना जाऊन सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी जागा बदलली, आणि पंधरा दिवसांत लक्ष असायला लागलं. त्या बाई रडल्या माझ्यासमोर. मी रडले नाही, मला स्वतःचा राग येत होता.

आता मला सांगा, तीन मेडिकल झाली होती. तीन वेळा कुणीतरी तिचं वजन केलं, उंची मोजली. कान फुटणं हा काही दुर्मीळ रोग नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जो आहे, शाळेत गाडी येते बघा डॉक्टरांची, तो फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरहून देशभरासाठी सुरू झाला, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, तर त्याच्या यादीत कान वाहणं हे नाव घेऊन आहे. दातांची कीड आहे, रक्त कमी असणं आहे. बकुळला जे जे होतं ते सगळं त्या यादीत होतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकाने येऊन जन्मापासून अठरापर्यंतच्या प्रत्येक मुलाला तपासायचं, काही सापडलं तर पुढे पाठवायचं, खर्च सरकारचा. योजना खरंच चांगली आहे, कित्येक पोरांची हृदयाची ऑपरेशनं त्यातून झालीत. पण पथक येतं त्या दिवशी मूल तिथे असायला लागतं ना. आणि हे मला नंतर कळलं की बकुळ कधीच तिथे नव्हती.

का नव्हती, ते सांगण्याआधी भाचीचं सांगते.

माझी भाची अमेरिकेत ओहायोला लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्याकडे फॉस्टरची मुलं सतत येतात, तिकडे ते फार मोठं प्रकरण आहे. रविवारी व्हॉट्सअॅपवर मी तिला आमची तीन मेडिकलची कर्मकहाणी सांगितली तेव्हा ती म्हणाली, मावशी, आमच्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या अॅकॅडमीने लिहूनच ठेवलंय, मूल नव्या घरी आलं की ७२ तासांत पहिली तपासणी, ३० दिवसांच्या आत सगळं सविस्तर, दात, मन, वाढ सगळं, आणि मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा, नव्या घरात रुळलंय का बघायला. मी म्हटलं वा. ती हसली. म्हणाली लिहून ठेवलंय असं म्हटलं मी, होतंच असं नाही म्हटलं. तिकडची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे मनाचं कुणी विचारतच नाही, तिकडे गोळ्या देऊन मोकळे. २०११मध्ये त्यांच्या संसदेच्या ऑडिट खात्याने पाच राज्यांचा हिशोब काढला तर सरकारी विम्यावरच्या इतर मुलांपेक्षा फॉस्टरमधल्या मुलांना मनावरची औषधं २.७ ते ४.५ पट जास्त दिली जात होती. एक मात्र त्यांचं घेण्यासारखं आहे, फॉस्टरमधून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाला सव्विसाव्या वर्षापर्यंत सरकारी आरोग्य विमा मिळतो. आपल्याकडे अठरानंतर एकविसापर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे राहायच्या ठिकाणाची, सोय कायद्यात आहे, पण त्या वयाच्या पोराला दाढ दुखली तर कुणाला फोन करायचा हे कुठे लिहिलेलं नाही.

मग मी म्हटलं, काही म्हण, हिस्ट्री नसली की सगळं अवघड. तर ती म्हणाली, “हिची आई जिवंत आहे ना गं? मग तिला का नाही विचारलंस?”

मी गप्प. व्हिडिओ अडकलाय असं वाटलं तिला.

खरं सांगते, मला ते सुचलंच नव्हतं. आणि सुचलं नव्हतं हेही अर्धंच खरं. आई ही बाई माझ्या डोक्यात जी होती ती म्हणजे लेकराला रस्त्यावर सोडणारी, कार्ड हरवणारी, कान कुजू देणारी. अशा बाईला काय विचारायचं? आणि अजून एक, ती भेटायला येऊ नये असंच मला वाटत होतं. दर वेळी केसवर्कर ताई म्हणायच्या की आई भेटीला येऊ इच्छिते, मी परीक्षा आहे, सर्दी आहे, पाहुणे आहेत असं काहीतरी सांगायचे. हे लिहिताना बरं वाटत नाही.

एप्रिलमध्ये भेट ठरली, समितीच्या ऑफिसात. ती मराठवाड्यातून आदल्या रात्रीच्या एसटीने आली होती. वय माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी कमी असेल, दिसायला माझ्याएवढी. कापडी पिशवीत भाजलेल्या शेंगा. बकुळ तिच्या कुशीत जाऊन बसली, आणि तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत पहिलं वाक्य माझ्याशी बोलली ते हे:

“ताई, डाव्या कुशीवर निजती का आजून?”

मी हो म्हटलं. ती झोपते, कायम डाव्या कुशीवर, उशीखाली हात घालून. मला वाटायचं सवय असेल.

“म्याच लावली सवय. कान वाहायचा ना, मग घाण आत ऱ्हाऊ नये म्हणून वाहता कान खाली ठिवायचा. डाक्टर कुठला तवा.”

मी पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता म्हणून केसवर्कर ताईंनी एका जुन्या अर्जाची पाठकोरी बाजू दिली. तासभर ती सांगत होती आणि मी लिहीत होते. नवराबायको मिळून कोयता, म्हणजे ऊसतोडीला. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन निघायचं, मार्च-एप्रिलला परत. कधी आपल्याकडचा कारखाना, कधी कर्नाटकातला. कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात राहायचं. तिच्याकडे तारीख एकही नव्हती पण साल होतं, हंगाम होता, कारखाना होता. दीड वर्षाची असताना कर्नाटकात होतो, थंडी फार, सर्दी झाली आणि कान फुटला, तिथून सुरू झालं. दवाखाना लांब, आणि गेलं की खाडा, खाड्याचे पैसे कापतात. पोटरीवरचा डाग पाचट पेटवलं होतं तेव्हाचा. आणि लसीचं कार्ड होतं, अंगणवाडीताईंनी दिलेलं, पिवळ्या पिशवीत जपून ठेवलेलं, एका वर्षी ट्रॅक्टरमधून येताना पिशवीच पडली.

पथक गावात यायचं त्या दिवशी बकुळ कारखान्यावर, आणि कारखान्यावरच्या कोप्यांत कुणी आलंच तर तिथल्या कुठल्या पटावर तिचं नाव नाही. कार्ड हरवणारी बाई वगैरे जे मी ठरवून बसले होते त्याचं काय करायचं हे मला त्या खुर्चीत कळेना.

“झालं का लिहून? आजून एक. ते गुलाबी औषध असतंय बघा गोड, तापात देत्यात, पावडरीत पाणी घालून हालवायचं, ते देऊ नका. अंगभर गांधी उठल्या व्हत्या. तोंड सुजलं व्हतं.”

हे वाक्य मी दोनदा लिहिलं, आणि खाली रेघ मारली. दोन दिवसांनी ईएनटीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं तेव्हा त्या लिहिता लिहिता थांबल्या. नक्की कुठलं औषध ते आता सांगता येणार नाही, म्हणाल्या, पण अंदाज येतो, आणि त्याच कुटुंबातलं अँटिबायोटिक मी ऑपरेशनच्या वेळी दिलं असतं. केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं. आणि आईचा आजार? टीबी होता तिला. सहा महिने गोळ्या पूर्ण घेतल्या, बरी झाली, कागद दाखवला तिने, तो मात्र तिने प्लॅस्टिकमध्ये घालून आणला होता. म्हणजे मूल टीबीच्या पेशंटसोबत एका कोपीत राहत होतं, आणि फाईलमध्ये त्याला काय म्हटलंय तर आजारी. बकुळचा छातीचा एक्सरे झाला, हातावर मँटू, म्हणजे टीबीची चाचणी केली, दोन्ही स्वच्छ निघाले. स्वच्छ निघाले म्हणून इतकं सहज लिहितेय.

हे सगळं विचारायला कुठलं मशीन लागलं नाही. एक पेन आणि पाठकोरा कागद. समितीच्या फॉर्मवर आईची सही होती, अंगठा नाही, सही, म्हणजे कुणीतरी तिला समोर बसवून सही घेतली होती. त्याच वेळी अजून दहा मिनिटं बसवून घेतलं असतं तर. फॉर्ममध्ये त्या प्रश्नांना रकानाच नाही, मग विचारणारा तरी कशाला विचारेल.

कान कोरडा राहिला तर पडदा बसवायचं ऑपरेशन करू असं ठरलं, मे महिन्याची तारीख मिळाली. कानामागचंच पातळ आवरण घेऊन त्या भोकावर लावतात. आता इथे कागदांचा खेळ सुरू. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर पालकाची सही.

“पेशंटशी नातं?” काउंटरवरचा मुलगा.

“फॉस्टर पेरेंट.”

“म्हणजे काय लिहू? आई?”

“आई नाही.”

“मग मावशी लिहू का?”

चांगला मुलगा होता बिचारा, त्याच्या परीने मदतच करत होता. सोसायटीतल्या बायका मला उठताबसता यशोदा म्हणतात, पण यशोदेला कुणी असा रकाना भरायला लावला नव्हता. आरोग्य योजनेला रेशनकार्ड हवं, आमच्या कार्डावर बकुळचं नाव नाही, तिच्या आईच्या कार्डावर आहे आणि ते कार्ड तीनशे किलोमीटरवर मामाच्या घरात. संमतीसाठी समितीचं पत्र हवं. पत्र यायला सात आठवडे लागले, मुद्दाम कुणी लावले नाहीत, बैठक, सुट्ट्या, एक सदस्य आजारी, असं होत होत. तोवर पाऊस सुरू झाला, बकुळला सर्दी झाली, कान पुन्हा वाहायला लागला आणि वाहत्या कानावर पडदा नीट धरत नाही, म्हणून तारीख गेली. आता तर अपघात वगैरे काही झालं तर कुठलाही दवाखाना उपचार थांबवू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९मध्येच सांगितलंय. पण कान फुटणं म्हणजे अपघात नाही. ते सावकाश चालतं. सावकाश चालणाऱ्या गोष्टींची कुणाला घाई नसते.

पत्र आलं तेव्हा मी त्याच्या आठ झेरॉक्स काढल्या. आणि पुढच्या अर्जात एकाच ऑपरेशनपुरती परवानगी न मागता नेहमीच्या उपचारांसाठी, लसींसाठी, दातांसाठी सरसकट परवानगी मागितली. आमच्याकडे तरी समितीने ती दिली. अजून कुणी ह्या वाटेने जाणार असाल तर मूल घरी येईल त्याच आठवड्यात तो अर्ज टाका, आजारी पडायची वाट बघू नका.

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. बकुळची आई आली होती. भूल द्यायला आत नेताना बकुळने विचारलं, परत येऊन काय आहे जेवायला. मी म्हटलं थालीपीठ. आईने विचारलं हे काय, मी सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून खिडकीकडे गेली.

त्यानंतरची पंचाईत वेगळीच. महिनाभर ऑपरेशनच्या बाजूवर झोपायचं नाही. आणि ही तर जन्माची डाव्या कुशीवर. उजवीकडे वळवून झोपवायचं, दहा मिनिटांनी झोपेत पुन्हा डावीकडे. आम्ही पाळ्या लावल्या, मी, नवरा, सासूबाई. सासूबाई तेलाचं प्रायश्चित्त म्हणून रात्री दोन ते पहाट घ्यायच्या. उशा लावल्या, पाठीमागे गुंडाळलेली रजई लावली, शेवटी मी आईला फोन केला की ताई तुम्ही सवय कशी लावली होती? ती म्हणाली, पाठीवर थोपटत हळूहळू वळवायचं आणि हात काढायचा नाही, हात काढला की फिरती. बरोबर होतं. हात काढला की फिरायची.

त्या पाठकोऱ्या कागदावरून मी मग दोनशे पानी वही केली. आईने सांगितलेलं पहिल्या पानांवर, मग आमच्याकडचं, लस कुठली कधी, दाढ कधी भरली, ताप कधी किती. ही वही तिच्याबरोबर जाणार आहे. केसवर्कर ताई म्हणतात पुढच्या वर्षी बहुतेक आईकडे पाठवतील, ती आता भावाजवळ राहते, शेतात मजुरी करते, ऊसतोडीला जात नाही. मला काय वाटतं ते विचारू नका.

गेल्या महिन्यात भेट होती. आईला सही येते, वाचता फारसं येत नाही, म्हणून बकुळनेच वही वाचून दाखवली. ऑफिसातल्या पंख्याचा केवढा आवाज, तरी दोघी हळू आवाजात बोलत होत्या. तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली, नाव, मग जन्मतारीख १ जून.

“एक जून न्हाई,” आई म्हणाली. “पोळ्याच्या आदल्या दिशी. बैलं धुवून आणली व्हती, तवा कळा सुरू झाल्या.”

शाळेचा दाखला आहे त्यामुळे कायद्याने १ जूनच राहणार, मी सांगितलं. तिने मान हलवली, राहू दे कागदावर म्हणाली, पण वहीत लिहा. बकुळने माझ्याकडून पेन घेतलं, १ जूनवर काट मारली नाही, शेजारी लिहिलं. मग पुढे वाचायला लागली. सव्वीस जुलै, ताप एकशे एक.

“मग कवा उतरला?”

मी वहीत बघितलं. ते लिहायचं राहिलं होतं.

“पहाटे,” बकुळ म्हणाली.